कुलगुरू नक्की करतात काय आणि होतात कसे: सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

विद्यापीठाचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून कुलगुरूंवरच येते. रिझल्ट लांबला, कुलगुरू काय करतायत. फी वाढली, कुलगुरू झोपलेत का. मुदत संपत आली की यावेळी आपल्याकडचा माणूस होणार का. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एका ठिकाणी घेतलेत, विचारणाऱ्याची भाषा तशीच ठेवलीय, फक्त शुद्धलेखन थोडं नीट केलंय. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. कुलपती आणि कुलगुरू एकच का? मोठं कोण?

एक नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी, म्हणजे कायद्याच्या भाषेत सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात, जो राज्यपाल होईल तो आपोआप. ते मुंबईत बसतात, दीक्षांत समारंभाला येतात, कुलगुरूंची नेमणूक करतात. कुलगुरू म्हणजे रोज ऑफिसला येऊन विद्यापीठ प्रत्यक्ष चालवणारा माणूस, पूर्णवेळ, पगारी. मानाने कुलपती मोठे, कामाने कुलगुरू. हिंदी चॅनलवर 'कुलपति' ऐकलं की गोंधळ होतो कारण यूपी-बिहारकडे तो शब्द आपल्या कुलगुरूंसाठी वापरतात, एवढं लक्षात ठेवलं की बातमी बरोबर कळते.

कुलगुरूंच्या खाली प्र-कुलगुरू, मग कुलसचिव, परीक्षा विभागाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, आणि प्रत्येक विद्याशाखेचे अधिष्ठाता, म्हणजे डीन. तुमचं नव्वद टक्के काम या खालच्या टेबलांवरच होतं (प्रश्न ८ बघा).

२. सोलापूर विद्यापीठाचे आतापर्यंतचे कुलगुरू कोण कोण? स्पर्धा परीक्षेला विचारतात.

विद्यापीठ सुरू झालं १ ऑगस्ट २००४ ला. पहिले कुलगुरू डॉ. इरेश स्वामी, हिंदीचे प्राध्यापक. मग डॉ. बाबासाहेब बंडगर, मग डॉ. एन. एन. मालदार, मग २०१८ मध्ये डॉ. मृणालिनी फडणवीस, या आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू. त्यांची मुदत २०२३ मध्ये संपल्यावर डॉ. रजनीश कामत यांच्याकडे काही महिने प्रभारी पद होतं आणि त्याच वर्षी डॉ. प्रकाश महानवर आले, ते मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतून. परीक्षेत 'पहिले कुलगुरू' आणि 'पहिल्या महिला कुलगुरू' हे दोनच प्रश्न येतात, बाकी कोणी विचारत नाही. एक गंमत म्हणजे बंडगर सर, मालदार सर, महानवर सर तिघेही रसायन नाहीतर पॉलिमरच्या बाजूचे. आर्टसवाल्यांनी यावर काय बोलायचं ते बोलून झालंय.

३. २००४ च्या आधी सोलापूरच्या कॉलेजांचे कुलगुरू कोण होते मग?

कोल्हापूरचे. शिवाजी विद्यापीठ १९६२ ला निघालं तेव्हापासून सोलापूर जिल्हा त्यांच्याकडे होता आणि त्यांचे पहिले कुलगुरू इतिहासकार अप्पासाहेब पवार. त्याच्या आधी पुणे विद्यापीठ, तिथले पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आणि त्याच्याही आधी मुंबई. दयानंद कॉलेज १९४० चं, म्हणजे एकाच कॉलेजने जागा न बदलता चार विद्यापीठं बघितली. घरात आजोबांची डिग्री मुंबईची, वडिलांची पुण्याची, काकांची कोल्हापूरची आणि तुमची सोलापूरची असं निघू शकतं, आणि चौघंही एकाच इमारतीत शिकलेले.

जुन्या लोकांना विचारा, एका सहीसाठी किंवा मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी करमाळ्यावरून, अक्कलकोटवरून कोल्हापूर गाठायचं म्हणजे काय होतं. एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ कशाला असं म्हणणारे आजही भेटतात, त्यांनी तो एसटीचा प्रवास केलेला नसतो.

४. मला कुलगुरू व्हायचंय. आत्ता बीएस्सीला आहे. किती वर्षं लागतील?

असा प्रश्न खरंच येतो, आणि मला आवडतो, म्हणून नीट हिशोब देतो.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे कुलगुरू होणारा माणूस नावाजलेला शिक्षणतज्ज्ञ पाहिजे आणि विद्यापीठात प्रोफेसर म्हणून निदान १० वर्षं झालेली पाहिजेत, नाहीतर नावाजलेल्या संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत तेवढा अनुभव पाहिजे आणि तिथे नेतृत्व केल्याचा पुरावा पाहिजे. इथे प्रोफेसर म्हणजे कॉलेजात शिकवणारे सगळेच 'प्रोफेसर' नाहीत बरं का, ती वेगळी पोस्ट आहे, वरची.

आता उलटं मोजा. एमएस्सी, नेट किंवा सेट, पीएचडी, हे सगळं होईपर्यंत तुम्ही अठ्ठावीसचे. नशिबाने लगेच कायम जागा मिळाली (हे 'नशिबाने' फार मोठं आहे, भरतीची अवस्था सगळ्यांना माहितीय, कित्येक पोरं सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, तासिका घेत पस्तिशी ओलांडतात). मग असिस्टंट प्रोफेसर म्हणून, पीएचडी झालेली असेल तर, ४ वर्षांनी पहिली पायरी, पुढे ५ वर्षांनी दुसरी, अजून ३ वर्षांनी असोसिएट, आणि त्यावर ३ वर्षांनी प्रोफेसर. एकही बढती न अडकता १५ वर्षं. त्यावर प्रोफेसर म्हणून १०. अठ्ठावीस अधिक पंचवीस म्हणजे त्रेपन्न, आणि हे सगळं वेळेवर झालं तर, जे कोणाचंच होत नाही. म्हणून बहुतेक कुलगुरू पंचावन्नच्या पुढे मागेच दिसतात.

आणि नुसती वर्षं भरून चालत नाही. मधल्या काळात विभागप्रमुख, अधिष्ठाता, एखाद्या केंद्राचा संचालक, अभ्यास मंडळ, विद्या परिषद, नॅकची (कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था) कामं, असं काहीतरी चालवून दाखवलेलं लागतं. संशोधन पेपर, पेटंट, किती विद्यार्थ्यांना पीएचडी दिली, हे सगळं अर्जात भरावं लागतं. तर आत्ता बीएस्सी नीट करा, पुढचं पुढे.

५. निवड कशी होते? इलेक्शन असतं का?

इलेक्शन नसतं. इलेक्शन अधिसभेचं, म्हणजे सिनेटचं असतं, पदवीधर मतदारसंघाचे फ्लेक्स जे चौकात लागतात ते त्याचे. कुलगुरूंसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे एक शोध समिती बसते. तिचा अध्यक्ष कुलपती ठरवतात. सरकारतर्फे उच्च शिक्षण खात्याचे प्रधान सचिव किंवा त्या दर्जाचा अधिकारी असतो, विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषदेने मिळून सुचवलेला एक जण असतो, तो राष्ट्रीय पातळीच्या संस्थेचा प्रमुख लागतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूजीसीचा माणूसही असतो. विद्यापीठाशी संबंध असलेला कोणी त्या समितीत बसू शकत नाही.

मग जाहिरात, अर्ज, छाननी, निवडक लोकांशी बोलणं, त्यात प्रेझेंटेशन द्यावं लागतं की विद्यापीठासाठी तुमच्या डोक्यात काय आहे. समिती कमीत कमी पाच नावं कुलपतींना देते, आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावून, पहिली पसंती दुसरी पसंती असं न लिहिता. पुढे कुलपती त्यांना भेटतात आणि एक निवडतात. शेवटचा शब्द त्यांचाच.

कायद्यात असंही आहे की जागा रिकामी व्हायच्या निदान सहा महिने आधी हे सुरू करायचं. प्रत्यक्षात काय होतं ते प्रश्न ११ मध्ये.

६. खरं सांगा, वशिला लागतो ना?

समोरासमोर कुणी 'हो' म्हणणार नाही आणि चहाच्या टपरीवर कुणी 'नाही' म्हणणार नाही. माझं मत सांगतो. पात्रता नसताना नुसत्या वशिल्यावर होणं आता अवघड झालंय, कारण लगेच कोर्टात जातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एपीजे अब्दुल कलाम तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूकच रद्द केली, कारण शोध समितीने एकच नाव पाठवलं होतं आणि यूजीसीचे नियम पाळले नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाचंही तसंच झालं. तेव्हापासून सगळी राज्यं सावध झालीत.

पण पाच पात्र लोकांतून एक निवडायचा असतो तेव्हा कोण कुणाच्या जवळचा, कोणत्या विचारांचा, कोणत्या भागातला, हे वजन पडत नाही असं म्हणायला मी भोळा नाही. त्यात राज्य सरकार आणि राज्यपाल यांची रस्सीखेच असते ती वेगळीच. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने विधेयक मंजूर केलं होतं की पॅनलमधली दोन नावं सरकार निवडून राज्यपालांना देणार आणि मंत्री प्र-कुलपती होणार. बराच गदारोळ झाला, राज्यपालांची संमती आली नाही, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर नव्यांनी ते मागे घेतलं. दोन्ही बाजू विद्यापीठाच्या स्वायत्ततेबद्दल बोलत होत्या हे विशेष.

७. कुलगुरू दिवसभर काय करतात? फक्त उद्घाटनंच दिसतात.

उद्घाटनाचा फोटो येतो, फायलींचा येत नाही. कायद्याने कुलगुरू विद्यापीठाचे शैक्षणिक आणि प्रशासकीय प्रमुख. व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद या बैठकांचे अध्यक्ष तेच. अधिसभेचं अध्यक्षपद कुलपतींचं, पण ते नसले की कुलगुरू, म्हणजे जवळजवळ दरवेळी. अधिसभेत बजेट असतं आणि तिथे सदस्य मागच्या सगळ्या वर्षाचा राग काढतात, तो ऐकून घेणं हेही कामच.

मग शंभरच्या आसपास संलग्न कॉलेजं, त्यांच्या संलग्नीकरणाच्या समित्या, प्राचार्य नाहीत, प्राध्यापक नाहीत, संस्थाचालकांची भांडणं. नवीन शैक्षणिक धोरणाचे क्रेडिट आणि मेजर-मायनर, ज्यावर विद्यार्थ्यांपेक्षा मास्तर जास्त गोंधळलेत. नॅकची तयारी. आंदोलनं, निवेदनं, एका दिवसात तीन संघटना तीन वेगळ्या मागण्या घेऊन. त्यात रिक्त जागांचा प्रश्न, जो कुलगुरूंच्या हातात असल्यासारखा वाटतो पण अनुदानित पद मंजूर करणं आणि भरायला परवानगी देणं हे सरकारकडे, वित्त खात्यापर्यंत जातं. कुलगुरू मुंबईला जातात म्हणून लोक नावं ठेवतात, पण बऱ्याच चकरा याच फायलींसाठी असतात.

एक अधिकार मात्र मोठा आहे. तातडीची गोष्ट असेल तर मंडळाची बैठक व्हायची वाट न बघता कुलगुरू स्वतः निर्णय घेऊ शकतात, नंतर तो त्या मंडळापुढे ठेवावा लागतो. चांगला माणूस असेल तर यानेच कामं मार्गी लागतात. बाकी वेळी ते एकटे काहीच ठरवत नाहीत, हे लोकांना पटत नाही, पण अभ्यासक्रम अभ्यास मंडळ करतं, विद्या परिषद मान्य करते, पैसे व्यवस्थापन परिषद. कुलगुरूंची खरी कसोटी बैठकीत हे सगळे एका बाजूला आणण्यात असते, सहीत नाही.

८. रिझल्ट राखून ठेवलाय, डायरेक्ट कुलगुरूंना मेल करू का?

करा की, कोण अडवतंय, पण तो मेल फिरून परीक्षा विभागातच येणार आणि तुमचे आठ दिवस जाणार. आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, बहुतेक वेळा अंतर्गत मार्क भरलेले नसतात किंवा पात्रतेचा कागद राहिलेला असतो. तिथे नाही झालं तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज, पीआरएन नंबर, सीट नंबर, विषय, हॉल तिकिटाची झेरॉक्स जोडून, आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख. नंतर परीक्षा संचालक. त्यावरही हलत नसेल तर कुलगुरू, आणि तेव्हा आधीच्या सगळ्या पोचा जोडा, मग त्या पत्राला वजन येतं.

कायद्यात लिहिलंय की शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि कसंही करून ४५ दिवसांत लावायचाच. उशीर झाला तर त्याची कारणं वर कळवावी लागतात. तुमच्या अर्जात ही ओळ घाला, फरक पडतो.

९. पगार किती असतो? गाडी-बंगला मिळतो म्हणे.

सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन २,१०,००० रुपये ठराविक, त्यात इन्क्रिमेंट नाही, वर ११,२५० विशेष भत्ता, आणि महागाई भत्ता वेगळा. निवासस्थान आणि गाडी असते. ऐकायला मोठं वाटतं, पण प्रोफेसरचं मूळ वेतनच १,४४,२०० पासून सुरू होतं, आणि जो माणूस दहा-बारा वर्षं प्रोफेसर आहे तो या सुरुवातीच्या आकड्याच्या बराच पुढे गेलेला असतो. म्हणजे पगारासाठी कोणी या खुर्चीत येत नाही. कशासाठी येतं ते प्रत्येकाचं वेगळं.

१०. मुदत किती? चांगलं काम केलं तर परत मिळते का?

पाच वर्षं, किंवा वयाची ६५ पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल ते. आणि पुन्हा नेमणूक नाही, कितीही चांगलं काम केलं तरी. दुसऱ्या विद्यापीठात मात्र होता येतं, राम ताकवले सर आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे आणि पुढे दिल्लीला इग्नूचेही.

पाच वर्षांचं गणित बघा. पहिलं वर्ष माणसं आणि फायली ओळखण्यात जातं, शेवटचं वर्ष 'आता हे चाललेच' म्हणून कोणी ऐकत नाही. मधली तीन राहतात. बाहेरून आलेल्यांना तर आधी बार्शी कुठे, सांगोला कुठे इथून सुरुवात.

११. जुने गेले, नवीन आले नाहीत, मग विद्यापीठ कोण चालवतं?

कुलपती दुसऱ्या एखाद्या योग्य व्यक्तीकडे तात्पुरता कारभार देतात, बऱ्याचदा दुसऱ्या विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे. यालाच पेपरात 'प्रभारी' म्हणतात. कायद्याने हे सगळं मिळून १२ महिन्यांच्या वर चालू नये. प्रभारींची सही पूर्ण चालते, तुमच्या डिग्रीवर प्रभारींची सही असली तरी ती तेवढीच पक्की, काळजी करू नका, नोकरीत कोणी काही म्हणत नाही. फरक एवढाच पडतो की प्रभारी माणूस मोठ्या निर्णयाला हात घालत नाही, 'नवीन येतील ते बघतील' असं होतं.

आणि प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंबरोबरच संपते, त्यामुळे वरच्या दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या होतात. हे फार कमी लोकांना माहिती असतं.

१२. कुलगुरूंना काढून टाकता येतं का?

येतं, फक्त कुलपतींना, आणि कायद्यात दिलेल्या कारणांवरूनच, चौकशी करून, म्हणणं मांडायची संधी देऊन. अधिसभेत कितीही गोंधळ घातला, ठराव केला, तरी अधिसभा काढू शकत नाही.

महाराष्ट्रातलं गाजलेलं उदाहरण मुंबई विद्यापीठाचं. २०१७ मध्ये पेपर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तपासायची पद्धत एकदम सगळ्या परीक्षांना लावली, निकाल महिनोन्महिने लटकले, पोरांचे पुढचे प्रवेश गेले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. पद्धत वाईट नव्हती, आज बऱ्याच ठिकाणी चालते. तयारी न करता घाई झाली. परीक्षा विभाग हा कुलगुरूंचा सगळ्यात नाजूक सांधा असतो, बाकी शंभर गोष्टी चांगल्या करा, निकाल चुकले की कोणाला त्या आठवत नाहीत.

१३. दरवेळी बाहेरचेच का आणतात? सोलापुरात माणसं नाहीत का?

दरवेळी नाही. स्वामी सर आपल्या भागातले, मालदार सर याच विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून वर आलेले. पण भावना समजते. स्थानिक माणसाला मंगळवेढ्याच्या कॉलेजात मुली मधेच शिक्षण का सोडतात ते सांगावं लागत नाही, गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत पेपर ठेवायचे नसतात हे माहिती असतं, आणि इथे एका वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू घरात बोलणारी पोरं बसतात हेही.

दुसरी बाजू अशी की स्थानिक माणसाचे संस्थाचालकांशी वीस-तीस वर्षांचे संबंध असतात, कुणाच्या हाताखाली काम केलेलं असतं, कुणाच्या लग्नात पंगतीला बसलेला असतो. नाही म्हणायची वेळ आली की घसा बसतो. बाहेरच्याला ते सोपं जातं. मला विचाराल तर विद्यापीठ लहान असेल तेव्हा मधूनमधून बाहेरचा असणं बरं. यावर घरातही माझ्याशी कोणी सहमत नाही.

१४. मुलगी व्ही. एम. मेडिकलला आहे, तक्रार केगावला, म्हणजे आपल्या विद्यापीठाला करायची ना?

नाही. वैशंपायन मेडिकल कॉलेज सोलापुरात असलं तरी ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे, त्यांचे कुलगुरू वेगळे. नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथी, डेंटल सगळं तिकडेच. ॲग्री कॉलेज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. पॉलिटेक्निक तंत्रशिक्षण मंडळाकडे, तिथे कुलगुरूच नसतात. मुक्त विद्यापीठवाले नाशिक. बारावीचं तर पुणे बोर्ड, तरी दर वर्षी कोणीतरी बारावीच्या मार्कांसाठी विद्यापीठाच्या गेटवर येतंच. केगावला डाळिंब संशोधन केंद्रही आहे, ते केंद्र सरकारचं, विद्यापीठाचा काही संबंध नाही.

१५. आमचं कॉलेज स्वायत्त झालं, आता कुलगुरूंचा काही संबंध नाही ना?

आहे. पेपर कॉलेज काढतं, तपासतं, निकाल लावतं, अभ्यासक्रम करतं, पण डिग्री विद्यापीठाचीच. त्यामुळे सर्टिफिकेटवर सही कुलगुरूंची.

१६. कुलगुरू फी कमी करू शकतात का? विद्यापीठाचं नाव बदलू शकतात का?

विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षा फीबद्दल कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषद काही करू शकतात, दुष्काळात माफीचे निर्णय होतात ते सरकारच्या आदेशाने. खासगी इंजिनिअरिंग, एमबीए वगैरेंची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तिथे कुलगुरूंना निवेदन देऊन उपयोग नाही. प्रवेश सीईटी सेलचे.

नाव बदलणं पूर्णपणे सरकारचं काम, कारण नाव कायद्यात लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' झालं ते असंच. तेव्हा सिद्धेश्वरांचं नाव द्यावं म्हणणारेही होते आणि दोन्ही बाजूंची निवेदनं कुलगुरूंच्या टेबलावर यायची. ती पुढे पाठवणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

१७. प्राध्यापक नसलेला माणूस कुलगुरू होऊ शकतो का? कलेक्टर, उद्योगपती?

पूर्वी झालेत. जयकर वकील आणि राजकारणातले. अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतून पुण्याचे कुलगुरू झाले, २००६ ते २००९. आता प्रश्न ४ मधल्या अटीमुळे तसं कठीण, संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनाची दहा वर्षं दाखवावी लागतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने मसुदा काढला त्यात उद्योग, सार्वजनिक धोरण, सरकारी कंपन्या या क्षेत्रातल्या अनुभवी लोकांनाही दार उघडायचं सुचवलं होतं, त्यावर बऱ्याच राज्यांनी आरडाओरडा केला.

कॉलेजच्या प्राचार्यांचं काय, हा याच्याच पोटातला प्रश्न. 'विद्यापीठात प्रोफेसर' हे शब्द कसे वाचायचे यावर वाद होतात. प्राचार्य अर्ज करतात, त्यातले काही पोचतातही.

१८. महिला कुलगुरू इतक्या कमी का?

प्रश्न ४ चं गणित परत वाचा. अठ्ठावीस ते त्रेपन्न ही पंचवीस वर्षं अखंड पाहिजेत, आणि नेमकी त्याच वर्षांत बाळंतपण, मुलं, सासू-सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची बदली. पीएचडी लांबते, बढती लांबते, आणि प्रोफेसर होईपर्यंत रिटायरमेंटला थोडीच वर्षं उरतात. दहा वर्षं भरतच नाहीत. पीएचडी करणाऱ्या मुली आता भरपूर दिसतात, वरच्या खुर्चीपर्यंत जाताना त्या गळत जातात त्या अशा.

ज्या पोचल्या त्यांच्यात मला डॉ. स्नेहलता देशमुख यांचं नाव घ्यावंसं वाटतं. लहान मुलांच्या सर्जन, सायन हॉस्पिटलच्या डीन, १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर आईचं नाव यायला लागलं ते त्यांच्या काळात. फॉर्म भरताना 'आईचे नाव' हा रकाना आपल्याला आता साधा वाटतो, कोणीतरी बैठकीत तो विषय मांडून, विरोध ऐकून घेऊन मंजूर करून घेतलेला असतो. पाच वर्षांत किती इमारती बांधल्या यापेक्षा असं एखादं काम जास्त टिकतं असं माझं मत. देशपातळीवर बघायचं तर हंसा मेहता १९४९ मध्येच बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या होत्या.

१९. भाऊ अमेरिकेत शिकतोय, त्यांचा प्रेसिडेंट म्हणजे आपला कुलगुरूच ना?

खुर्ची साधारण तीच, दिवस वेगळा. तिकडे राज्यपाल वगैरे मधे नसतात, विश्वस्त मंडळ नेमतं आणि तेच काढतं. पाच वर्षांची ठराविक मुदत नाही, हार्वर्डचे चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ चाळीस वर्षं प्रेसिडेंट होते, आणि त्याच हार्वर्डच्या क्लॉडिन गे जुलै २०२३ ला बसून २ जानेवारी २०२४ ला राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. वर्गातला अभ्यास आणि प्राध्यापक तिकडे प्रोव्होस्ट बघतो, प्रेसिडेंटचा बराच वेळ देणग्या गोळा करण्यात जातो. आपल्याकडे कुलगुरू देणगी मागायला गेले तर लोक 'सरकार देतंय की' म्हणतात. माजी विद्यार्थ्यांनो, बघा विचार करून.

२०. पाच वर्षं झाल्यावर पुढे काय करतात?

वय शिल्लक असेल तर आपल्या जुन्या जागेवर परत. कायद्याने त्यांचा मूळ पदावरचा हक्क राखून ठेवलेला असतो, त्यामुळे काल कुलगुरू असलेला माणूस उद्या विभागात एम. एस्सी. च्या पोरांना तास घेताना दिसू शकतो, विभागप्रमुख त्याच्यापेक्षा ज्युनियर. काहींना हे जड जातं, काही खुशीत असतात. पण प्राध्यापकांचं निवृत्तीचं वय ६० आणि कुलगुरूंचं ६५, त्यामुळे बहुतेकांचं परत जायचं वय तोवर होऊन गेलेलं असतं. मग खासगी विद्यापीठं, शोध समित्या, नॅकच्या टीम, दुसऱ्या कुलगुरूंच्या निवडीत सल्ला, व्याख्यानं.

२१. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला कुलगुरूंना बोलवायचंय, येतात का?

येतात, वेळ असेल तर. निदान पंधरा दिवस आधी लेखी पत्र, 'मा. कुलगुरू' असं लिहून, कार्यक्रम काय, किती वाजता, अजून पाहुणे कोण हे स्पष्ट. केगावच्या ऑफिसात स्वीय सहायकांकडे द्या आणि मोबाईल नंबर ठळक लिहा. परीक्षेचे दिवस, अधिसभेचा आठवडा आणि दीक्षांतच्या आसपास विचारूच नका. पत्रिका छापून मग विचारायला जाणारे बरेच आहेत, ते करू नका. आणि साडेदहाचा कार्यक्रम म्हणून बोलवून बारा वाजेपर्यंत माईक टेस्टिंग चालू ठेवलंत तर पुढच्या वेळी पत्राचं उत्तर येणार नाही.